लग्नाची सीडी लहान करण्याआधी

सुरतेतल्या मराठी घरांना एक विनंती करायची आहे, आणि ती जरा घाईची आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा, जिथे जिथे खानदेशातून आलेली आपली माणसं राहतात, तिथल्या अनेक घरांत मधल्या काळात एक चांगलं काम झालं. लग्नाच्या, साखरपुड्याच्या, बारशाच्या, कानबाईच्या शूटिंगच्या जुन्या डीव्हीडी घरातल्या मुलामुलींनी हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या. सोबत घरात जमलेले सिनेमेही उतरवले. आता ती हार्डडिस्क गच्च भरली आहे. लॅपटॉप लाल पट्टी दाखवतो, नवा फोटो ठेवायला जागा नाही, आणि कुणीतरी म्हणतं की सगळ्या फायली एका झटक्यात बारीक करू, मूळच्या उडवून टाकू, विषय संपला.

तसं करू नका. जागा जरूर वाचवा. भरपूर वाचते, आणि कशी वाचते ते पुढे सांगतोच. पण ज्या सिनेमाच्या प्रती बाहेर कुठेही मिळतात तो सिनेमा आणि ज्याची एकच प्रत जगात आहे, तीही तुमच्या कपाटात, ते आजीचं शेवटचं चित्रण, या दोघांना एकच नियम लावू नका. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते अशा वेळी.

पुष्कळांचा समज असा असतो की मूळ शूटिंग व्हिडिओवाल्याकडे असेलच. बहुतेक वेळा ते नसतं. त्या काळी शूटिंग छोट्या टेपवर व्हायचं, मिक्सिंग झालं की तीच टेप पुढच्या लग्नाला वापरली जायची. पुढे मेमरी कार्ड आली, तीही तशीच पुसली जायची. स्टुडिओच्या संगणकात दोन सीझनची कामं मावली तरी खूप. कित्येक स्टुडिओ बंद झाले, कित्येकांनी धंदा बदलला. म्हणजे फुलांच्या बॉर्डरचं कव्हर लावून तुम्हाला जी डिस्क दिली, तीच आता मूळ प्रत आहे. आणि ती डिस्क वाचेनाशी झाली असेल, तर हार्डडिस्कवरची फाईल हीच मूळ प्रत.

डिस्क वाचेनाशी होते हे सुरतेत वेगळं सांगायला नको. दुकानातली सिनेमाची डीव्हीडी कारखान्यात साच्यातून दाबून काढलेली असते. लग्नाची डिस्क मात्र संगणकावर ‘राइट’ केलेली असते; तिच्यात सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझरने त्या थरावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उकाडा आणि दमट हवा यांनी तो थर उतरत जातो. आपल्याकडे हे तिन्ही आहेत. त्यात पाणी. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून 9 लाख क्युसेकच्या आसपास पाणी तापीत सोडलं गेलं आणि शहराचा बहुतांश भाग बुडाला. त्या पुरात ज्यांचे अल्बम आणि कॅसेटी गाळात गेल्या, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. आणि तापीचा महापूर रोज येत नसला तरी लिंबायतच्या बाजूला मिठी खाडीचं पाणी घरात शिरणं ही पावसाळ्यातली ओळखीची गोष्ट आहे.

आता मोजमाप. साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतं, दोन थरांच्या डीव्हीडीत 8.5. संगणक 1024 च्या पटीत मोजतो म्हणून 4.7 ची भरलेली डिस्क त्याला 4.37 दिसते, आणि त्याच हिशेबाने 1 टीबीची हार्डडिस्क 931 जीबी दिसते. हार्डडिस्क विकणाऱ्याने त्यात फसवलेलं नसतं. अशा 200 भरलेल्या डिस्का उतरवल्या की जवळपास 875 जीबी गेले. बाकी काहीही न ठेवता हार्डडिस्क जवळपास संपली.

एवढी जागा लागते याला डीव्हीडीचं वय कारण आहे. डीव्हीडी 1996 साली जपानच्या बाजारात आली. तिच्यातलं चित्र एमपीईजी-2 या पद्धतीने साठवलेलं असतं. दर सेकंदाला 25 चित्रं. त्यांतलं साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण साठवायचं आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच नोंदवायचं. हळदीच्या कार्यक्रमात मांडव, पडदा, पाट जागचे हलत नाहीत, फक्त हात आणि चेहरे हलतात, म्हणून हे जमतं. नंतर 2003 मध्ये एच.264 ही पद्धत आली. ती हालचालीचा माग अधिक बारकाईने काढते, लांबपर्यंत मागेपुढे पाहते, आणि तेवढंच चित्र बरंच कमी जागेत बसवते. एच.265 ही तिची पुढची, 2013 सालची. दोन थरांच्या डीव्हीडीवर आठ जीबी व्यापणारा अडीच तासांचा सिनेमा एच.264 मध्ये नीट बदलला तर साधारण दीड ते दोन जीबीत बसतो आणि टीव्हीवर पाहताना सहसा फरक जाणवत नाही. इथपर्यंत सगळं तुमच्या बाजूने आहे.

अडचण अशी की हा बदल एका दिशेचा आहे. बदलताना जो तपशील टाकला जातो तो परत येत नाही. आज 300 एमबीची फाईल फोनच्या पडद्यावर चांगली दिसते, उद्या मोठ्या टीव्हीवर चेहऱ्यांचे चौकोन दिसतात, आणि तेव्हा मूळ उडवलेलं असतं. हे मोठमोठ्यांच्या हातून झालं आहे. माणूस 1969 साली चंद्रावर उतरला, तेव्हा तिथून आलेलं चांगल्या प्रतीचं मूळ चित्रण नासाकडे टेपवर होतं. पुढे टेपांचा तुटवडा पडला तेव्हा त्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासानेच शोधाशोध करून 2009 मध्ये जाहीर केला. आज आपण पाहतो ते टीव्हीसाठी बदललेलं, फिकट झालेलं चित्र. तेवढी साधनसंपत्ती असलेल्या संस्थेला जागा वाचवताना जे परत मिळवता आलं नाही, ते आपल्यालाही येणार नाही.

म्हणून आधी दोन गठ्ठे करा. कागद-पेन घेऊन करा, संगणकावर नंतर. पहिल्या गठ्ठ्यात फक्त तुमचं असलेलं सगळं: लग्नं, जावळं, कीर्तन, मंडळाचा गणपती, शाळेचं गॅदरिंग, गावाकडच्या घरभरणीचं शूटिंग. दुसऱ्या गठ्ठ्यात बाजारातून आणलेले सिनेमे, नाटकं, गाणी. पहिल्या गठ्ठ्याची मूळ फाईल कधीही उडवायची नाही. पाहण्यासाठी लहान प्रत वेगळी काढायची. दुसऱ्या गठ्ठ्यात हवी तेवढी काटछाट करायची. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली सुरू झालं. अशा संग्रहालयांत मूळ प्रत जपायची वेगळी आणि दाखवायची वेगळी हाच रिवाज असतो. घरालाही तोच चालतो.

तुम्ही म्हणाल, पहिला गठ्ठा तसाच ठेवला तर जागा वाचली कुठे? मोजून पाहा. बहुतेक घरांत 200 डिस्कांपैकी खरोखर घरच्या अशा फार तर तीस-चाळीस निघतात. चाळीस डिस्कांना 175 जीबी लागतात. बाकीचे सातशे जीबी सिनेमांनी खाल्लेले असतात, आणि त्यातले अर्धे तुम्ही पुन्हा कधी लावणार नाही. काटछाट तिथे आहे.

दोन्ही गठ्ठ्यांत चित्राला हात लावण्याआधी बरीच जागा अशीच सुटते. सर्वांत आधी दुबार प्रती शोधा. एकाच लग्नाची डिस्क काकांनीही उतरवली, मामांनीही उतरवली, आणि दोन्ही फोल्डर ‘नवीन फोल्डर 2’ नावाने एकाच हार्डडिस्कवर पडून असतात. कुणी डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाईल, काढली आणि शिवाय आतलं फोल्डरही वेगळं उतरवलं. दोन्हींत तेच आहे. आकार, कालावधी आणि पहिली दोन मिनिटं ताडून पाहा आणि खात्री झाल्यावरच एक ठेवा. नावावर जाऊ नका. ‘लग्न पार्ट 1’ नावाच्या फायली तीन वेगवेगळ्या लग्नांच्या असू शकतात.

दुसरं, सिनेमाच्या डीव्हीडीत मूळ सिनेमाशिवाय जाहिराती, ट्रेलर, मेनू आणि दोन-तीन भाषांचे आवाज असतात. मुख्य सिनेमा आणि हवा तो एक आवाज ठेवून बाकीचं गाळता येतं. चित्र पुन्हा न दाबता नुसतं एमकेव्ही नावाच्या डब्यात भरायचं, म्हणजे दर्जा होता तसा राहतो आणि थोडीफार जागा सुटते. हीच पद्धत लग्नाच्या डिस्कलाही उपयोगी पडते. डीव्हीडीतला व्हिडिओ एकेक जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत असतो. ते तुकडे दर्जा न घालवता एका सलग फाईलमध्ये जोडले जातात आणि टीव्हीवर लावायला सोपे होतात. एक काळजी घ्या: डिस्कवर एकापेक्षा जास्त भाग असतील, म्हणजे हळद वेगळी, लग्न वेगळं, वरात वेगळी, तर सॉफ्टवेअर बऱ्याचदा फक्त सर्वांत लांब भाग निवडतं. बाकीचे राहून जातात आणि वर्षभराने लक्षात येतं.

आवाजाकडे कुणी पाहत नाही, पण काही लग्नाच्या डिस्कांत आवाज अजिबात न दाबता, एलपीसीएम स्वरूपात ठेवलेला असतो. तो तासाला जवळपास 700 एमबी खातो. तोच आवाज 160 केबीपीएसच्या एएसी स्वरूपात तासाला 72 एमबीत बसतो. पाहायच्या प्रतीला तेवढा पुरतो. मूळ प्रतीत मात्र हात लावू नका. त्यात आजोबांचा आवाज असेल, मंगलाष्टकांच्या मागे कुणीतरी अहिराणीत बोलत असेल, आणि तो कधी स्वच्छ करून घ्यावासा वाटेल.

झिप किंवा विनरार करून जागा वाचत नाही हेही सांगून ठेवतो, कारण त्यात लोकांचा दिवस जातो. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो. पिळून वाळवलेल्या कापडातून पुन्हा पाणी काढण्याचा तो प्रकार आहे. शंभरात एक-दोन टक्के निघाले तर निघाले.

आता प्रत्यक्ष बदल. हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर चालतं, आणि या कामाला पुरेसं आहे. ते त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. एच.264 निवडा; एच.265 ने जागा आणखी वाचते, पण घरातला जुना टीव्ही ती फाईल उघडेलच असं नाही, आणि जी फाईल सासऱ्यांना स्वतः लावता येत नाही तिचा काय उपयोग. दर्जासाठी ‘आरएफ’ नावाचा एक आकडा असतो. आकडा लहान तेवढा दर्जा चांगला आणि फाईल मोठी. डीव्हीडीच्या चित्रासाठी 18 ते 22 हा पट्टा योग्य आहे. घरच्या शूटिंगच्या पाहायच्या प्रतीला 18 किंवा 19, सिनेमाला 20 ते 22. ‘फाईल 500 एमबीचीच झाली पाहिजे’ असा हट्ट धरू नका, कारण प्रत्येक चित्रणाची गरज वेगळी असते. स्टुडिओतला नेमका प्रकाश असलेला सिनेमा कमी जागेत बसतो. रात्रीची वरात बसत नाही. जनरेटरचे दिवे, बँडवाल्यांच्या चमचमत्या टोप्या, फटाक्यांचा धूर, नाचणारी पन्नास माणसं आणि अंधारात कॅमेऱ्याने ओढलेले दाणे, हे सगळं दर क्षणी बदलत असतं. सिनेमाचा आकडा वरातीला लावला तर नाचणाऱ्यांचे चेहरे पुसटतात. म्हणून आधी वरातीतला सर्वांत अंधारा दोन मिनिटांचा तुकडा निवडून तेवढाच बदलून पाहा, मोठ्या टीव्हीवर लावा, आणि तो पसंत पडला तरच रात्री पूर्ण फाईल लावून झोपा.

आणखी एक गोष्ट आहे जिच्यामुळे लग्नाचं शूटिंग खराब होतं आणि कुणाला कारण कळत नाही. हँडीकॅमचं जुनं चित्रण आडव्या ओळींच्या जोड्यांत असतं. सेकंदाला 50 अर्धी चित्रं, एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. जुना टीव्ही ती आपोआप जुळवायचा. संगणकावर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात ते यामुळेच. हँडब्रेकमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू करा आणि त्यात ‘बॉब’ हा पर्याय घ्या, म्हणजे सेकंदाला 50 पूर्ण चित्रं मिळतात आणि हालचाल होती तशी सळसळीत राहते. नुसती 25 केली तर निम्मी हालचाल कायमची गेली. सिनेमाला याची सहसा गरज पडत नाही.

चित्राची रुंदी-उंची तपासा. 720 बाय 576 हेच चित्र कधी चौकोनी टीव्हीसाठी असतं, कधी रुंद टीव्हीसाठी. चुकलं की नवरा-नवरी आडवे पसरतात. आणि चित्र मोठं करण्याच्या मोहात पडू नका. डीव्हीडीवरून 1080 ची फाईल केली म्हणून नवा तपशील येत नाही. जागा मात्र कितीतरी जास्त जाते. मोठं करायचं काम टीव्ही स्वतः करतो.

ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने बदल फार झटपट होतो, पण त्याच दर्जाला फाईल मोठी होते. घाई नसेल तर साध्या प्रोसेसरवर, ‘स्लो’ गती ठेवून करा. उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर ठेवू नका, टेबलावर पंख्याखाली ठेवा. हे काम त्याला तासन् तास तापवतं.

व्हीसीडी असतील तर त्यांना हातच लावू नका. त्यांतलं चित्र 352 बाय 288 एवढंच, आधीच घट्ट दाबलेलं असतं. तासाभराच्या व्हीसीडीला साधारण 600 ते 700 एमबी लागतात. ती पुन्हा दाबली तर हाती चिखल येतो. आतली डॅट फाईल उतरवून ठेवा, व्हीएलसी प्लेअर ती वाजवतो.

दुकानातून आणलेल्या सिनेमांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. घरचं शूटिंग तुमचं आहे, त्याच्या वाटेल तेवढ्या प्रती काढा. सिनेमाचे हक्क दुसऱ्याचे आहेत. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने 65-अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने डिस्कवरचं संरक्षण तोडणं त्याप्रमाणे गुन्हा आहे. डिस्क तुमची म्हणून तिची फाईल सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा अधिकार मिळत नाही. आणि जागेच्या दृष्टीनेही विचार करा: जो सिनेमा हक्कदारांनी स्वतः यूट्यूबवर किंवा एखाद्या ओटीटीवर ठेवला आहे, तो तुमच्या हार्डडिस्कवर कशाला? मोझर बेअरने 2007 च्या सुमारास व्हीसीडी आणि डीव्हीडी अगदी स्वस्त केल्या, तेव्हा घराघरांत शेकड्यांनी डिस्का जमल्या. त्यातल्या ज्या खरंच आवडतात त्या ठेवा, बाकीच्यांच्या फायली निःसंकोच उडवा. कुणाचं काही बुडत नाही.

मात्र दुसऱ्या गठ्ठ्यात एक फसवा भाग आहे आणि त्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अहिराणी गाण्यांच्या, खानदेशी विनोदी फिल्मच्या, गावोगावच्या वहीगायनाच्या, भारुडाच्या सीडी. त्या बाजारातून आणल्या म्हणून त्यांच्या प्रती बाहेर मिळतीलच असं नाही. मालेगावात नासिर शेख यांनी 2000 साली हौशी कलाकारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. त्यांच्या सुपरमॅनवरच्या फिल्मची निर्मिती कशी झाली त्यावर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट काढला. सुपरमॅनचं काम करणारे शफीक शेख हे यंत्रमाग कामगार होते. सुरतेत लूमवर काम करणाऱ्याला ते वेगळे वाटणार नाहीत. ते 2011 मध्ये गेले. पुढे 2024 मध्ये रीमा कागती यांनी त्याच मंडळींवर हिंदी सिनेमा केला. एवढं नाव मालेगावच्या वाट्याला आलं म्हणून तिथलं थोडं तरी जपलं गेलं. तशाच साध्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेल्या, थोड्याच प्रती निघालेल्या, ज्यांच्या निर्मात्याचा पत्ताही आता सापडत नाही अशा अहिराणी सीडी तुमच्या पाकिटात असतील, तर त्या पहिल्या गठ्ठ्यात टाका. मूळ फाईल तशीच ठेवा. वर गायकाचं, गावाचं, कंपनीचं जे काही छापलं असेल त्या कव्हरचा फोटोही काढून ठेवा. आपल्या बोलीतलं जे चित्रण छापील पुस्तकांत कधी आलं नाही, ते अशा दहा-वीस रुपयांच्या डिस्कांत आहे.

बदललेली फाईल झाली की लगेच मूळ उडवायचं नाही, दुसऱ्या गठ्ठ्यातलंही नाही. सुरुवात, मध्य आणि शेवट पाहा. शेवट तर पाहाच, कारण डिस्क खराब असली की प्रत बहुधा तिच्या कडेकडच्या भागात, म्हणजे चित्रणाच्या शेवटी, अडकते. ओठ आणि आवाज जुळतात का ते भाषणाच्या जागी तपासा, गाण्याच्या जागी कळत नाही. एकूण कालावधी मूळ डिस्कइतकाच आहे का ते पाहा.

आता हे ठेवायचं कुठे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ ही प्रत धरू नका. तो पाठवताना सहसा आणखी दाबला जातो. गूगल फोटोजवर 1 जून 2021 पासून चढवलेलं सगळं 15 जीबीच्या हिशेबात धरलं जातं, आणि ‘स्टोरेज सेव्हर’ चालू असेल तर तिथेही फाईल बदलते. पाहायच्या प्रती वाटायला ते ठीक, मूळ ठेवायला नाही. रस्त्यावर काही शे रुपयांत मिळणारा ‘2 टीबी’चा पेनड्राइव्ह घेऊ नका. त्याच्या आत थोडीशीच खरी जागा असते, तो पुढची फाईल घेतल्यासारखं दाखवतो आणि मागची मोडतो. चांगल्या दुकानातून बिल घेऊन दोन साध्या हार्डडिस्क घ्या; मोठी एक घेण्यापेक्षा मध्यम दोन बऱ्या. हार्डडिस्क ‘एफएटी 32’ पद्धतीने तयार केलेली असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल ती घेतच नाही. ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ करून घ्या, म्हणजे पूर्ण डिस्कची आयएसओ फाईल बसेल.

एक हार्डडिस्क सुरतेत, आणि ती तळमजल्याच्या कपाटात नको. माळ्यावरच्या उष्ण पत्र्याखालीही नको. वरच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत, हवाबंद डब्यात सिलिकाच्या पुड्या घालून ठेवा. दुसरी गावाकडे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, आपली गावं ज्या सुरत–भुसावळ मार्गावर आहेत त्या मार्गाने दिवाळीला किंवा लग्नसराईला आपण जातोच. तेव्हा ती सोबत न्या, भावाच्या घरी ठेवा, आणि पुढच्या खेपेला एकदा जोडून चालते का पाहून नवीन भर टाका. सुरतेत पाणी आलं तरी गावातली वाचते, गावात घर पाडून बांधायला काढलं तरी सुरतेतली वाचते. वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेली हार्डडिस्क अचानक दगा देते, म्हणून वर्षातून दोनदा तरी ती फिरली पाहिजे.

मूळ डिस्का फेकू नका. त्यांच्यावर चिकट लेबल लावू नका, असलेलं ओढून काढू नका. सीडी-व्हीसीडीचा वरचा थर त्याच्यासोबत निघू शकतो. कधी पाणी शिरलंच आणि डिस्का चिखलात गेल्या तर पुसत बसू नका. स्वच्छ पाण्यात बुडवून चिखल जाऊ द्या, सावलीत उभ्या वाळवा, आणि मग मऊ कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसलं की ओरखडा चित्रणाच्या रेषेत पडतो आणि वाचनाची वाट लागते.

ज्यांच्या नवीन लॅपटॉपला डीव्हीडीची फट नाही, त्यांनी यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह एका सोसायटीत मिळून एकच घेतला तरी दहा घरांचं काम निघतं. घरात लॅपटॉपच नाही म्हणून स्टुडिओत देणार असाल तर नुसतं ‘पेनड्राइव्हमध्ये टाकून द्या’ म्हणू नका. ‘आधी डिस्कची पूर्ण प्रत द्या, आणि वेगळी लहान फाईल द्या’ असं सांगा, आणि दोन्ही मिळाल्याशिवाय पैसे चुकते करू नका.

फाईलला नाव देताना साल आधी लिहा: ‘2004-05 धाकट्या काकांचं लग्न, दोंडाईचा, डिस्क 2’. म्हणजे फायली आपोआप कालक्रमाने लागतात. आणि ज्यांना त्यातली माणसं ओळखता येतात, त्या आत्या, मोठ्या काकू, आजोबा यांना लहान प्रत टीव्हीवर लावून द्या आणि कोण कुठे बसलं आहे ते वहीत उतरवून घ्या. किती मिनिटाला कोण दिसतं तेही लिहा. ती वही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. चित्र लहान-मोठं करता येतं, नावं विचारायला मात्र माणूस लागतो.

सुरुवात 2010 च्या आधी राइट केलेल्या डिस्कांपासून करा. खालची जांभळट बाजू उजेडात धरा. जिच्यावर ढगाळ डाग दिसतील किंवा कडेचा रंग उतरलेला दिसेल, ती आजच उतरवा. उतरवताना ड्राइव्ह अडकला तर पुन्हा पुन्हा जोर लावू नका. डिस्क पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, शक्यतो जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये, लावून पाहा. एका ड्राइव्हला न वाचलेली डिस्क दुसऱ्याला बऱ्याचदा वाचते. बाकीचं, म्हणजे दुबार प्रती शोधणं, सिनेमे छाटणं, एच.264 करणं, हे दिवाळीपर्यंत थांबलं तरी चालेल. डाग पडलेल्या डिस्का मात्र या पावसाळ्याच्या आत.